नाळेतून जातं ते

गारखेडा,
२२ जून २०२५

अहो,

सोजर बाळंत झाली हे मला बिडकीनच्या आईकडून कळलं. जावेचं बाळंतपण माहेरून कळावं, असं आता आपलं झालं आहे. मुलगा आहे, आठव्या महिन्यातच आला, काही दिवस काचेच्या पेटीत होता आणि आता करमाडला वस्तीवर आणला आहे, एवढंच आई म्हणाली. नाव विचारलं तर तिला माहीत नव्हतं.

फोन केले. तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. आत्याबाईही फोनवरचं बोलणं मानत नाहीतच. "फोनचं वारं, कागदाचं खरं," म्हणतात. पण हा कागद तुमच्यासाठी आहे. त्यांना वाचून दाखवू नका. त्यांच्यासाठी वेगळा लिहीन.

आपली गिरिजाही आठव्यातलीच. सप्टेंबरात तिला जाऊन वर्ष होईल. डॉक्टर अभय यांनी कागदावर त्या विषाणूचं नाव लिहून दिलं होतं, आरएसव्ही. श्वासाच्या नळ्यांत शिरणारा, मोठ्यांना नुसती सर्दी देणारा. आपण दोघांनी ते वाचलं. घरी कोणी विचारलं की तुम्ही "निमोनिया" म्हणायचात.

आत्याबाईंनी मात्र कारण आधीच ठरवलं होतं. चीक. मला झटके आले, मी बेशुद्ध होते, शुद्धीवर आले तेव्हा गिरिजाला डब्याचं दूध सुरू झालेलं. माझं पहिलं पिवळं दूध तिच्या पोटात गेलंच नाही. त्या दिवशी आत्याबाई नुकत्याच व्यालेल्या मेंढीचा चीक तांब्यात घेऊन, तांब्या पदराखाली धरून, करमाडहून बसनं दवाखान्यात आल्या होत्या. सिस्टर हसली. तुम्ही म्हणालात, "आई, चल." हे मला तुम्हीच नंतर सांगितलंत. सांगताना हसलात आणि मधेच थांबलात.

मला त्या हास्यास्पद वाटल्या नाहीत. चीक न मिळालेलं कोकरू जगलेलं त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. म्हणूनच गिरिजा गेल्यावर त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "ज्या मेंढीला चीक नाय, तिला कळपात ठिवून काय करायचं?" माझ्याकडे बघून म्हणाल्या असत्या तर मी काही उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गारखेड्यात, शाळेजवळच्या खोलीवर सोडलंत. गाडी बंद केली नाहीत.

ते राहू दे. मी वेगळ्या कारणानं लिहिते आहे.

सोजरनं चीक पाजला असेल. म्हणजे आत्याबाई निर्धास्त असतील. बाळाला जो येईल त्याच्या मांडीवर देतील. खोकणाऱ्या पोरांमध्ये नेतील. आणि अंघोळ घातली की कानात-नाकात फुंकर मारतील, गिरिजाला मारायच्या तशी. तेव्हा त्यांना सर्दी होती. उबळ आली की त्या बाळ माझ्याकडे द्यायच्या, उबळ गेली की परत घ्यायच्या. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोणाला सर्दी-खोकला? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. तुम्ही "नाही" म्हणालात. आत्याबाई दाराशी बसल्या होत्या. बरोबर केलंत. त्यांना हे कधीही कळता कामा नये.

पण फुंकर थांबवा. का, असं विचारलं तर माझं नाव सांगा. शिकलेल्या सुनेचं खूळ म्हणा.

आणि बाळासाठी एक इंजेक्शन आहे. त्याबद्दल नीट समजून घेऊन पुढच्या पत्रात लिहिते.

रत्नमाला


गारखेडा,
३ जुलै २०२५

अहो,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. "आई म्हणती, चीक पाजलाय, आता वाघ आला तरी काय करत नाय. तू काळजी करू नको." शेवटचं वाक्य त्यांचं की तुमचं, ते कळलं नाही. तुमचं समजून दोनदा वाचलं.

यापुढचं सगळं त्यांना वाचून दाखवा. गाळू नका. घाईत वाचू नका.

आत्याबाई, पाया पडते.

आमच्या शाळेत श्रेया मॅडम आहेत, विज्ञान शिकवतात. मी त्यांना म्हटलं, मला असं समजावून सांगा की मी माझ्या सासूला सांगू शकेन. त्या म्हणाल्या, "सासू काय शिकलेली?" मी म्हटलं, "मेंढरं." त्या म्हणाल्या, "मग सोपं आहे. माझ्या सासूला सांगायचं असतं तर अवघड होतं, ती बी.एस्सी. आहे."

त्यांनी स्वतःची छत्री काढली, बटण दाबलं की फटकन उघडते ती. मुंजाबाभावजींकडे आहे तशीच. हा जो श्वासाचा आजार आहे, त्याच्या जंतूच्या अंगावर अशा बारीक बारीक मिटलेल्या छत्र्या असतात. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या बारीक. जंतू श्वासाबरोबर आत जातो आणि नळीच्या आतल्या भिंतीला टेकतो. टेकला की छत्री फटकन सुटते, तिचं टोक भिंतीत घुसतं, भोक पडतं, आणि जंतू आत. एकदा आत शिरला की एकाचे हजार होतात.

मग श्रेया मॅडमनी ती छत्री मिटवून माझ्या हातात दिली. "दोन्ही मुठींनी घट्ट धरा. सोडू नका." आणि बटण दाबलं. छत्री थरथरली, उघडली नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "रक्तातली राखण हेच करते. जंतूला मारायला धावत नाही. छत्री मिटलेली असतानाच मूठ आवळते. उघडताच येत नाही म्हटल्यावर जंतू बाहेरच राहतो."

"आणि उघडल्यावर धरली तर?"

"तर काय, छत्रीची काठी हातात. चोर घरात."

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. म्हणाले, "मॅडम, स्टाफरूम गळतीये का?"

आत्याबाई, या राखणीला डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, पुस्तकात प्रतिपिंडं म्हणतात. मी राखणच म्हणेन. मोठ्या माणसाला हा आजार जन्मात कितीदा तरी होऊन गेलेला असतो, म्हणून त्याच्या रक्तात ही राखण असते. नव्या जिवाकडे ती स्वतःची नसते. आईकडून यावी लागते. इथपर्यंत मेंढीचं आणि बाईचं सारखं आहे.

पुढे वेगळं आहे. मेंढीची वार, व्याल्यावर पडते ती, जाड असते. पोटात असताना आईच्या रक्तातली राखण कोकराकडे जातच नाही. कोकरू रिकामं जन्मतं. सगळी राखण चिकात असते, आणि पहिल्या दिवशी कोकराचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेतं. उशीर झाला की ते दार बंद होतं, मग किती का पाजा. हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. तुम्ही पावसात उभं राहून, मेंढीचा पाय धरून, कोकराच्या तोंडात सड दिलेला मी पाहिला आहे. श्रेया मॅडम म्हणाल्या, "पुस्तकात हेच आहे."

माणसाचं तसं नाही. बाईची वार पातळ असते. राखण बाळाला पोटातच मिळते, नाळेतून. चीक पाजायचाच, तो बाळाच्या घशाला आणि आतड्याला अस्तर लावतो. पण त्यातली राखण रक्तात जात नाही. आणि नाळेतून जायची ती मुख्यतः शेवटच्या महिन्यात जाते. आठव्यात आलेलं बाळ अर्धी शिदोरी घेऊन येतं. चीक पाजला म्हणून ती पुरी होत नाही.

ती पुरी करता येते. एका कुणा माणसाच्या रक्तात अशी राखण सापडली, जी मिटलेली छत्री बरोबर ओळखते. तिच्यासारखीच राखण आता कारखान्यात तयार करतात. मांडीत एक सुई. ही लस नाही. लस अंगाला राखण तयार करायला शिकवते, ही तयार राखणच असते. पाच-सहा महिने टिकते, तोवर बाळ मोठं होतं.

मेंढी मेली तर तुम्ही दुसरीचा चीक पाजता. तसंच हे. तुम्ही तांब्या घेऊन आला होतात, ते हेच करायला आला होतात. फक्त मेंढीचा चीक माणसाच्या बाळाला लागत नाही.

डॉक्टर अभय यांच्याशी बोलले आहे. सुई मागवून देतील. खर्चाचं मी बघते.

तुमची सून,
रत्नमाला


गारखेडा,
१७ जुलै २०२५

अहो,

हे वाचून दाखवू नका.

आत्याबाईंचे शब्द तुम्ही जसेच्या तसे उतरवून पाठवलेत. ते सोपं गेलं नसेल.

"म्हंजी दुधाचं नव्हतंच. पोटाचं व्हतं. म्हैनाभर आधी टाकलं तिनं, अन् पोटानंच लेकराला दिलं नाय. तिनंच लिवलंय की कागदावर. मग आपुन दुधाला कशाला बोल लावीत बसलो, व्हय रं?"

मला वाटलं होतं, दुधावरचा बोल उठला की मी मोकळी होईन. तो उठला आणि वीतभर खाली जाऊन बसला.

तुम्ही विचारलंत, "अन् सोजरचं?" त्यावर त्या म्हणाल्या, "सोजरला काय झटकं आलं व्हतं का? तिचं पोट भरल्यालं हाय. चांगल्या लेकराला टोचून ताप आणायचा अन् मग दवाखान्यात घालायचं. नाय. आपल्याला नाय करायचं."

शाळेत बसून, मुलं सहामाहीच्या निबंधाचा सराव करत असताना मी हे वाचलं. एका मुलानं विचारलं, "मॅडम, 'माझी आई' मध्ये आजी लिहिली तर चालंल का?" मी म्हटलं, चालेल.

मुंजाबाभावजींनी काल फोन केला होता. म्हणाले, "वैनी, मी तयार हाय. सोजरबी तयार हाय. पर आई लई ताठ. तिला डावलून लेकराला घराबाहेर काढलं तर ती जेवायची नाय." शेजारच्या वस्तीवर दोन पोरं खोकताहेत, एकाला वाफ द्यायला नेलं होतं, असंही म्हणाले. बाळाची अंघोळ आता सोजर स्वतः घालते. आत्याबाई रुसल्या आहेत. रुसू द्या.

आता तुम्ही शेवटी जे लिहिलंय ते. "फुंकरीचं सांगू का? म्हंजी ऐकंल."

ऐकतील. एका वाक्यात ऐकतील. त्याच दिवशी बाळाला उचलून दवाखान्यात घेऊन येतील, हेही मला माहीत आहे. आणि त्यानंतर? तुम्हाला वाटतं त्या रडतील, आणि मग दिवस जातील. मला तसं वाटत नाही. ती बाई जन्मभर निपचित पडलेल्या कोकरांच्या नाकात फुंकर मारून त्यांना उठवत आली आहे. तिच्याकडे दुसरं काय आहे? ना जमीन, ना नवरा, ना अक्षर. ती फुंकर आहे. गिरिजाच्या नाकात फुंकर मारताना त्या काहीतरी गुणगुणायच्या. मी ऐकलं आहे. ते गाणं मला येत नाही, त्यांनाच येतं.

मला सांगावंसं वाटत नाही असं समजू नका. वाटतं. फळ्यावर लिहिताना वाटतं, भाजी निवडताना वाटतं. त्यांनी "कळपात ठिवून काय करायचं" म्हटलं तेव्हा जिभेवर आलं होतं. तुम्ही तिथंच होतात, आणि तुम्ही बोलाल असं मला वाटलं होतं. हे नाही, दुसरं काहीतरी. "आई, असं बोलू नको" एवढं.

तुम्ही तेव्हा बोलला नाहीत. आता बोलू नका.

मी त्यांना आणखी एक कागद लिहिते. तो मोठ्यानं वाचा. सोजर आणि मुंजाबाभावजी दोघांना जवळ बसवा. वाचताना तुमचा आवाज बदलला तर त्या ओळखतील, तेव्हा आधी एकदा मनात वाचून घ्या.

रत्नमाला


गारखेडा,
२० जुलै २०२५

आत्याबाई, पाया पडते.

तुम्ही म्हणालात ते खरं आहे. माझ्या पोटानं गिरिजाला कमी दिलं. नाळेतून जायला हवं होतं ते गेलं नाही. दुसऱ्या कुणाचा यात काही दोष नाही. दवाखान्याचा नाही, वस्तीचा नाही, तुमचा तर नाहीच. मी आजवर हे बोलले नव्हते. आता कागदावर लिहून देते.

पण एक विचारते. मेंढीला चीक नसला तर तुम्ही आधी काय करता? मेंढीला बोल लावत बसता का? बोल मागनं लावता. आधी दुसरीचा चीक शोधायला पळता. तेव्हा मला बोल लावा, आणि बाळाला सुई द्या. दोन्ही होऊ द्या.

सोजरचं पोट भरलेलं होतं म्हणता. असेल. देव करो आणि असो. पण माझंही बघणाऱ्याला भरलेलंच वाटायचं. माझी ओटी भरताना तुम्हीच म्हणाला होतात, "कशी तट्ट भरलीया, नजर लागंल." तुमची नजर कोणत्या मेंढीवर चुकत नाही. माझ्यावर चुकली. पोटाकडे बघून ते कळत नाही, आत्याबाई. कुणालाच कळत नाही. मला कळलं तेव्हा गिरिजाच्या बरगड्या श्वासाला आत ओढल्या जात होत्या.

तुम्ही ते पाहिलं आहे. तुम्ही आणि मी, आपण दोघींनी पाहिलं आहे. सोजरनं ते पाहू नये.

सुई दिल्यावर क्वचित अंग गरम होतं, मांडी थोडी लाल होते. मावळतं. त्याला घाबरू नका.

दवाखान्यात मी बाळाला हात लावणार नाही. जवळ येणार नाही. तुम्हाला तशी भीती असेल तर म्हणून सांगते.

तुमची,
रत्नमाला


गारखेडा,
३ ऑगस्ट २०२५

अहो,

काल तुम्ही सगळे बाळाला घेऊन दवाखान्यात आलात. तुमच्याशी बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. हे कुणाला वाचून दाखवायचं, न दाखवायचं, ते आता तुम्ही ठरवा.

मी औषधाच्या दुकानातून बर्फाची पिशवी लावलेला खोका आणला आणि मुंजाबाभावजींच्या हातात दिला. ते म्हणाले, "वैनी, तुम्ही चला की आत." मी म्हटलं, गर्दी नको. सोजर माझ्या समोरून गेली. तिनं मान हलवली, आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढला. तिची चूक नाही. तो कागद तिनंही ऐकला होता, मीच ऐकवायला सांगितलं होतं. मला बाळाची एक टाच दिसली. तिला काजळाचा ठिपका होता.

तुम्ही बाहेर गाडीला टेकून उभे होतात, पाठ करून.

आत्याबाई आत गेल्या नाहीत. "सुई मला बघवत नाय," म्हणाल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा. अंगाला लोकरीचा वास होता. तो वास मला सवयीचा होता हे तेव्हा कळलं.

"खाल्लंस का काय?"

"व्हय." खाल्लं नव्हतं.

"लई वाळलीस."

त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला, जनावराचा खूर बघावा तसा बघितला आणि परत मांडीवर ठेवला.

"रत्ना, तू खरं लिवलंस. दुसरी असती तर नसतं लिवलं. मी बिभीषणाला म्हणलं, तुझ्या बायकूचं मन साफ हाय. मला बी बरं वाटलं बघ. वरीसभर झोप नव्हती. वाटायचं, माझंच काय चुकलं का काय. तांब्या घिऊन गेले तवाच भांडून आत शिरायला पायजे व्हतं का काय. आता कळलं, नव्हतंच ते आपल्या हातात."

"नव्हतं, आत्याबाई."

"मग येक आईक. तुझ्या पोटाचं तूच सांगितलंस. पुन्हा तसंच झालं तर? तुला सोसंल का? मला न्हाय सोसायचं. बिभीषणाला लेकरू पायजे. त्याला मोकळं कर. मी तुला वंगाळ बोलत नाय. लेकीला सांगावं तसं सांगती."

त्या खरंच तसं सांगत होत्या. आवाजात राग नव्हता. इतक्या मायेनं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

दुसरं एक वाक्य होतं, फुंकरीचं. ते म्हटलं असतं तर हे सगळं तिथल्या तिथं फिरलं असतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं, ते कमी झालेलं दिसत होतं. झोप लागत असावी.

"व्हय," मी म्हटलं.

तुम्हाला ऐकू आलं असेल. दवाखान्याचं दार उघडंच होतं. तुम्ही वळला नाहीत, म्हणून ऐकू आलं असावं असं मी धरते. वकिलाकडून कागद करून आणा. मी सही करीन. पाठवून द्या, स्वतः यायची गरज नाही. दुसरी आली आणि तिला दिवस गेले, तर शेवटच्या महिन्यांत डॉक्टर अभय यांना एकदा दाखवून घ्या. सोजरच्या बाळाला गर्दीत नेऊ नका, सुई दिली म्हणून सगळं संपलं असं नाही. कोणाला सर्दी झाली की हात धुवायला आणि तोंडाला फडकं बांधायला लावा. सगळ्यांनाच लावा, म्हणजे एकाला वेगळं वाटणार नाही.

त्यानंतर आतून आवाज आला. सुई टोचली असणार. आधी क्षणभर काहीच नाही, मग बाळानं श्वास ओढला आणि असं रडलं की बाहेर टोकन घेणारी माणसं हसायला लागली.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "आईकलंस का? कसं वरडतंय बघ!" असं म्हणत दाराकडे पळाल्या.

गिरिजा शेवटी रडत नव्हती. सुया टोचल्या, नळी घातली, तरी नाही. तोंड उघडायची, चेहरा रडण्याचा व्हायचा, आणि आवाज यायचा नाही. रडायला लागतो तेवढा श्वास तिच्याकडे उरला नव्हता.

हे बाळ छाती भरून रडत होतं. थांबायचं, श्वास घ्यायचं, पुन्हा रडायचं. ते गप्प होईपर्यंत मी बाकावर बसून होते.

रत्नमाला